बर्डीवर डिझेलला पर्याय शोधताना

नागपुरात ऑगस्ट २०१४मध्ये एक बस धावू लागली. तिच्या टाकीत डिझेलचा थेंबही नव्हता. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीची ही ग्रीन बस इथेनॉलवर चालायची. पुढे अशा ५५ बसगाड्यांचा ताफा आणण्याचं ठरलं.

त्या इंजिनाची करामत समजून घेण्यासारखी आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेनं इंधन पेटतं. इथेनॉल असं सहजी पेट घेत नाही. म्हणून दाबाचं गुणोत्तर २८ पटींपर्यंत वाढवलं आणि इंधनात ज्वलनाला मदत करणारी रसायनं मिसळली. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यानं काजळी फारशी धरत नाही. धुराला मात्र कधीकधी व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. शिवाय एका लिटरमधली ऊर्जा डिझेलच्या साधारण साठ टक्केच, म्हणजे टाकी लवकर रिकामी होणार.

तरीही ऑगस्ट २०१८मध्ये ही सेवा बंद पडली ती इंजिनामुळे नव्हे. कंपनी आणि महापालिका यांच्यातले पैशाचे आणि सोयीसुविधांचे प्रश्न सुटले नाहीत. मला हे फार लागतं, कारण हातात आलेलं तंत्र आपण गमावलं.

मे २०१७मध्ये ओला आणि महिंद्र यांनी इथेच २०० विजेच्या गाड्यांची योजना सुरू केली. काही महिन्यांतच चार्जिंगच्या रांगेत तासन् तास जातात म्हणून टॅक्सीचालक कुरकुरू लागले. रांगेत उभी असलेली टॅक्सी भाडं मिळवत नाही, हे साधं गणित आहे.

सीएनजीचंही गणित जमलं नाही. नागपूरपर्यंत वायूची नळवाहिनी नव्हती. उणे १६२ अंशांना द्रवरूप केलेला वायू गुजरातेतून टँकरनं यायचा. त्यामुळे मार्च २०२२मध्ये नागपुरात किलोला १२० रुपये मोजावे लागत होते. मुंबईत तेव्हा ६६ रुपयांच्या आसपास दर होता. एवढ्या भावात ऑटोवाल्यानं पेट्रोल का सोडावं?

दरम्यानच्या काळात डिझेलही बदललं. १ एप्रिल २०२०पासून त्यातलं गंधकाचं प्रमाण दशलक्ष भागांत ५०वरून १०वर आलं. गंधक धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला मारक असतं. ते कमी झालं म्हणूनच नव्या गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी नीट चालवता येते. पण ती अडलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंशांची उष्णता लागते. सीताबर्डी म्हणजेच बर्डीतल्या व्हेरायटी चौकापासून धरमपेठेपर्यंतच फिरणाऱ्या गाडीला ती मिळत नाही आणि गाळणी चोंदते. ज्याची धाव बर्डीतल्या गर्दीपुरती, त्यानं डिझेल कार घेऊच नये. घेतलीच असेल, तर अधूनमधून वर्धा रोडवर सलग पळवावी.

विदर्भासाठी मला खरा आशेचा मार्ग दिसतो तो भंडारा-गोंदियातल्या धानाच्या तणसात. ऑगस्ट २०२२मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. पूर्व विदर्भातही धान पिकतं आणि तणस निघतं. ते गोळा करून साठवायचं केंद्र तालुक्याला असावं आणि शेतकऱ्याला त्याचे रोख पैसे मिळावेत. टाकीत पडणारं इंधन टँकरनं शेकडो किलोमीटरवरून आणण्यापेक्षा शंभर किलोमीटरवर तयार झालं, तर त्याचा भावही आपल्याच हातात राहील.