काटा आणि सही

मॅनेजमेंटच्या पेपरात 'एथिक्स' पाच मार्कांना येतं. चार मुद्दे लिहून आपण मोकळे होतो. मला मात्र तो धडा आमच्या केडगावला, वजनकाट्यावर मिळाला.

दौंड तालुक्यातला आमचा भाग उसाचा आणि गुऱ्हाळांचा. सेकंड इयरच्या दिवाळी सुट्टीत मी एका गुऱ्हाळावर पावत्या लिहायला होतो. हिशेब सोपा. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनातून रिकामीचं वजा केलं की उरतो तो ऊस. मॅनेजर म्हणाले, "रिकामं वजन पन्नास किलो जास्त टाकत जा. सगळीकडं चालतं." चार-पाच टनांत पन्नास किलो कुणाला कळणार? पण दिवसाला वीस ट्रॉल्या धरा, झाला की एक टन ऊस फुकट!

तीन दिवस मी तसंच लिहिलं. चौथ्या दिवशी चुलत्यांची ट्रॉली आली. हात सवयीनं चालला. त्यांनी पावती न बघताच खिशात घातली. "तू काट्यावर हायेस म्हणल्यावर वाचायचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही.

नंतर विचार केला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मॅनेजर स्वतः खोटं लिहीत नाही, तो दुसऱ्याला लिहायला लावतो. म्हणून त्याची मूल्यं त्याच्या एकट्याची राहत नाहीत. हाताखालच्या प्रत्येकाच्या पेनात उतरतात. वजनमापे निरीक्षक कधीतरी येणार. बाकीचे दिवस काटा खरा ठेवायचा की नाही, हे माणसावरच असतं.

शेतकऱ्याचा विश्वास मिळवायला किती वेळ लागतो, ते लक्ष्मणराव किर्लोस्करांनी अनुभवलं होतं. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असा तेव्हा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढं १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवल्यावर त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या राखणीला ठेवलं. मालकानं विश्वास टाकला आणि त्या माणसांनी तो राखला. आम्ही मात्र न मागता मिळालेला विश्वास पन्नास किलोंना विकला.

उद्या आपल्यापैकी कुणी शिफ्ट सांभाळेल, कुणी परचेस. तेव्हा "सगळीकडं चालतं" हे वाक्य नक्की ऐकू येईल. आपली सही कशावर होणार नाही, ते आजच ठरवून ठेवा.

पुढच्या सुट्टीत मी चुलत्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त तेव्हापासून प्रत्येक पावती चष्मा लावून वाचतात. माझ्या हातची असली तरी.