लेकी बोले, सुने लागे : अमेरिकी निवडणुकांतील कूटचलन-उद्योगाचा पैसा

ज्याला सांगावयाचे त्याच्याशी न बोलता दुसऱ्याच कोणाला उद्देशून बोलणे, ही मराठी घरांत पूर्वापार परिचित असलेली रीत होय. 'लेकी बोले, सुने लागे' ही म्हण तिच्यावरूनच पडली. संस्कृत साहित्यशास्त्रानेही तिची दखल घेतली आहे. आर्थी व्यंजनेची निमित्ते सांगताना मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त वक्ता व बोद्धव्य यांच्या वैशिष्ट्याबरोबरच 'अन्यसंनिधी'चा, म्हणजे तिसऱ्या व्यक्तीच्या सान्निध्याचा, स्वतंत्र निर्देश केला आहे. अमेरिकेतील कूटचलन-उद्योगाने २०२४ च्या निवडणुकीत राष्ट्रीय विधिमंडळाच्या उमेदवारांसाठी व त्यांच्याविरुद्ध जो पैसा खर्च केला, त्याचा अर्थ लावण्यास ही संकल्पना विशेष उपयोगी पडते.

बिटकॉइनसारखी कूटचलने कोणत्याही शासनाच्या हमीवाचून संगणकांच्या जाळ्यावर नोंदली जातात. त्यांच्या व्यवहारांवर कोणी व किती कडक नियंत्रण ठेवावे, हा त्या देशात काही वर्षे वादाचा विषय होता. जून २०२३ मध्ये तेथील रोखे व विनिमय आयोगाने कॉइनबेस या बड्या कंपनीवर दावा लावला. उद्योगाला हवे असलेले कायदे करणे मात्र विधिमंडळाच्या हाती होते.

कंपन्यांनी राष्ट्रीय निवडणुकीतील उमेदवाराला थेट देणगी देण्यास अमेरिकेत १९०७ पासून बंदी आहे. परंतु 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असा निर्णय दिला की, उमेदवाराशी संगनमत न करता केलेला स्वतंत्र प्रचारखर्च हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचेच अंग होय. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालाने अशा खर्चासाठी अमर्याद निधी गोळा करणाऱ्या समित्यांचा मार्ग मोकळा झाला. या समित्यांना 'सुपर पॅक' म्हणतात.

२०२२ च्या निवडणुकीत या उद्योगातील एफटीएक्स कंपनीच्या प्रमुखांनी मोठ्या देणग्या दिल्या. कंपनी त्याच वर्षी नोव्हेंबरात कोसळली. पुढे तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने बेकायदा राजकीय देणग्यांच्या कटाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. पैसा एकाचा व नाव दुसऱ्याचे, असे त्या देणग्यांचे स्वरूप होते.

२०२४ मध्ये चित्र पालटले. कॉइनबेस, रिपल आणि अँड्रीसन हॉरोविट्झ ही गुंतवणूकसंस्था यांच्या प्रमुख आधारावर उभ्या राहिलेल्या 'फेअरशेक' या सुपर पॅकने व तिच्या दोन संलग्न समित्यांनी २० कोटी डॉलरांहून अधिक निधी जमविला. देणगीदारांची नावे नियमानुसार जाहीर झाली. या वेळी दाता लपला नव्हता, विषय लपला होता. संलग्न समित्यांची नावेही लक्षणीय आहेत. रिपब्लिकन उमेदवारांसाठी 'डिफेन्ड अमेरिकन जॉब्स', म्हणजे अमेरिकी रोजगारांचे रक्षण करा, आणि डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी 'प्रोटेक्ट प्रोग्रेस', म्हणजे प्रगतीचे रक्षण करा. चलनाचा उल्लेख दोहोंतही नाही.

कॅलिफोर्नियात सिनेटच्या प्राथमिक फेरीत केटी पोर्टर यांच्याविरुद्ध सुमारे १ कोटी डॉलर खर्च झाले. जाहिरातींनी त्यांच्या सचोटीवर बोट ठेवले, कूटचलनाचे नाव काढले नाही. मार्च २०२४ मध्ये पोर्टर स्पर्धेबाहेर गेल्या. ओहायोत सिनेटच्या बँकिंग समितीचे तत्कालीन अध्यक्ष व या उद्योगाचे टीकाकार शेरॉड ब्राउन यांचे प्रतिस्पर्धी बर्नी मोरेनो यांच्यासाठी सुमारे ४ कोटी डॉलर खर्च करण्यात आले. तेथेही विषय अनुच्चारितच राहिला. ब्राउन नोव्हेंबरात पराभूत झाले. ॲरिझोनात व मिशिगनमध्ये मात्र याच निधीतून प्रत्येकी सुमारे १ कोटी डॉलर डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या बाजूने खर्च झाले. पक्ष हा निकष नव्हता.

या जाहिरातींचा वाच्यार्थ मतदारांसाठी होता. व्यंग्यार्थ मात्र अन्य सदस्यांसाठी होता : विरोध केल्यास हाच निधी आपल्याही मतदारसंघात येईल. मतदान होण्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, कॉइनबेसने २०२६ च्या निवडणुकीसाठी आणखी २.५ कोटी डॉलर घोषित केले, तेव्हा हा अर्थ अधिकच स्पष्ट झाला. पोर्टर किंवा ब्राउन यांच्या पराभवाची कारणे अनेक असू शकतील, परंतु धाक बसण्यासाठी कार्यकारणभाव सिद्ध व्हावा लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने कॉइनबेसवरील दावा मागे घेतला. १८ जुलै २०२५ रोजी स्थिरमूल्य कूटचलनांविषयीच्या 'जीनियस' कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. त्याला दोन्ही पक्षांतून मते मिळाली होती. त्यांपैकी किती मते विचारांती पडली व किती धाकाने, हे मतांच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही.

व्यंजनेचे सामर्थ्य नेमके येथे आहे. ध्वनित अर्थ ऐकणाऱ्याला पोहोचतो, परंतु बोलणाऱ्याला तो केव्हाही नाकारता येतो. कायदा मात्र मुख्यतः अभिधेवर चालतो. निवडणूक-देणगीच्या बदल्यात विशिष्ट कृती करण्याचे उघड वचन सिद्ध झाल्यावाचून तो खंडणीचा गुन्हा ठरत नाही, असा दंडक अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या मॅकॉर्मिक खटल्यात घालून दिला. ज्या व्यवहारात कोणी वचन मागतही नाही व देतही नाही, तो त्या दंडकाच्या कक्षेत येत नाही.

भारतीय अभ्यासकाला येथे एक तुलना सुचेल. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरविली, कारण देणगीदाराचे नाव दडविल्याने मतदाराच्या माहितीच्या हक्कावर आघात होत होता. तो निर्णय आवश्यकच होता. परंतु अमेरिकेचे उदाहरण असे दर्शविते की, नाव उघड झाले तरी हेतू झाकलेला राहू शकतो. दात्याचे नाव ही अर्थबोधाची पहिली पायरी होय, शेवटची नव्हे.

म्हणीतील लेकीला निदान हे ठाऊक असते की बोल आपल्यासाठी नाहीत. जाहिरात पाहणाऱ्या मतदाराला तेही ठाऊक नसते. त्याच्या मताने निकाल लागतो, परंतु ज्या प्रश्नासाठी पैसा ओतला गेला तो प्रश्न त्याच्यापुढे मांडलाच जात नाही. लोकशाहीत मतदार हा बोद्धव्य असावयास हवा. येथे तो केवळ निमित्त ठरतो.