शीट भरली, फासे आणले, तरी पात्र गप्प का बसतं? डी अँड डी खेळणाऱ्यांना दशावतारातून शिकण्यासारखं बरंच आहे

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिली असेल तर पहिल्याच भागातला प्रसंग आठवत असेल. घराच्या तळघरात चार पोरं टेबलाभोवती बसलीत. एक जण गोष्ट सांगतोय आणि बाकीचे जीव मुठीत धरून फाशाकडे बघतायत. हा खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, थोडक्यात डी अँड डी. २०१६ साली आलेल्या या सिरीजमुळे आपल्याकडच्याही बऱ्याच जणांना तो पहिल्यांदा कळला.

खेळ सोपा आहे. एक जण गोष्ट चालवतो, त्याला म्हणतात डंजन मास्टर. बाकी प्रत्येकाचं एक पात्र असतं. पात्राचा एक कागद असतो, त्यावर ताकद, चपळाई, दमसास, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा आकडे. काही अवघड करायचं असेल तर २० बाजूंचा फासा टाकायचा आणि काय होतं ते बघायचं.

आता समजा, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत रविवारी संध्याकाळी पाच मित्र जमलेत. कागद भरून झाले. मास्टर विचारतो, "समोर बंद दरवाजा आहे, तू काय करतोस?" आणि पोरगं गप्प. थोड्या वेळानं म्हणतं, "भावा, मला ॲक्टिंग जमत नाही." पुढच्या रविवारी ते येतच नाही.

खेळ सुटण्याचं हे नेहमीचं कारण आहे. आणि ते गैरसमजातून आलेलं आहे.

मुळात हा खेळ स्वभावाचा नव्हताच

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत डी अँड डी आणला. त्याची मुळं युद्धाच्या खेळांत होती, टेबलावर सैन्य मांडून लढाया करायच्या तशातली. सुरुवातीच्या नियमांत पात्राच्या वृत्तीसाठी तीनच खाने होते: शिस्तीच्या बाजूचा, मधला आणि अनागोंदीच्या बाजूचा. स्वभाव रंगवायची पद्धत खेळणाऱ्यांनी हळूहळू बसवली. २०१४ च्या नियमांत तर त्यासाठी कागदावर जागाच ठेवली: पात्राची लकब काय, तत्त्व काय, जीव कुणात अडकलाय आणि खोट काय. स्वभावाला धरून खेळलात तर मास्टर बक्षीस देऊ शकतो. मग एखाद्या वेळी दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो.

पण चार ओळी लिहून पात्र बोलायला लागतं का? नाही. मग कसं लागतं? त्याचं उत्तर कोल्हापूरहून घाट उतरला की सापडतं.

बाकड्याचं सिंहासन

गगनबावड्याच्या घाटानं खाली उतरलं की सिंधुदुर्ग लागतो. तिथं जत्रांमध्ये रात्रभर दशावतार चालतो. दशावताराच्या आख्यानाला परंपरेनं लिहिलेली संहिता नसते. आज कुठली कथा, कोण कुठलं पात्र करणार, प्रसंग कसे येणार, एवढं आधी ठरतं. संवाद मात्र नट समोरच्याचं ऐकून जागच्या जागी रचतात. रंगमंचावर एक बाकडं, तेच राजाचं सिंहासन. बाकी साथीला पेटी, मृदंग आणि झांज.

मग पाठांतर नसताना नट अडखळत का नाहीत? कारण राजा कशानं चिडतो, राणी कशासाठी अडून बसते, राक्षसाला कसला माज आहे, हे त्यांना पक्कं माहीत असतं. वाक्य त्यातून येतं.

तमाशाच्या वगातला सोंगाड्या हेच करतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार करायचे आणि ताज्या घडामोडींवर ऐनवेळी कोट्या करायचे. कोट्या बदलायच्या, हवालदार तोच राहायचा. पुढे कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनी १९६९ च्या 'तांबडी माती'त दादांना घेतलं, ते याच नाटकाच्या लोकप्रियतेनंतर.

एकच कागद, दोन पैलवान

हे टेबलावर कसं आणायचं? राजारामपुरीतल्या त्या खोलीत परत जाऊ. समजा दोघांनी पैलवान घेतलाय. दोघांची ताकद १७, बुद्धी ८. आकडे सारखेच.

पहिल्यानं ठरवलं, याच्या वस्तादानं शब्द घेतलाय: बेसावध माणसावर हात टाकायचा नाही. दुसऱ्यानं ठरवलं, हा खासबाग मैदानात हजारो लोकांसमोर चितपट झालाय आणि तेव्हापासून कुणी हसलं की त्याला ते आपल्यालाच वाटतं.

रात्रीची वेळ. पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी पहारेकरी डुलक्या घेतोय. आत शिरायचंय. पहिला पैलवान त्याला आधी हाक मारून उठवणार आणि सगळ्यांची पंचाईत करणार. दुसरा गुपचूप पुढं सरकेल, पण पहारेकरी झोपेत हसला तर तिथंच थांबेल.

यात कुणी आवाज बदलला नाही. "माझा पैलवान त्याला हाक मारतो" एवढं साध्या आवाजात सांगितलं तरी चालतं. स्वभाव दिसतो तो निवडीत. त्यातही जी निवड पात्राला महाग पडते, तीच सगळ्यांच्या लक्षात राहते.

म्हणून सुरुवातीला तीनच गोष्टी ठरवा. पात्राला काय हवंय? ते कशाला घाबरतं? आणि कुणासाठी स्वतःचा नियम मोडेल? गावाचा इतिहास आणि आजोबांचं नाव नंतर सुचेल. फासा पडला नाही, तर तेही वापरा. दरवाजा उघडला नाही म्हटल्यावर पात्र चिडतं, हसण्यावारी नेतं की दुसऱ्यावर ढकलतं, यात त्याचा स्वभाव कळतोच.

"माझं पात्रच तसं आहे"

आता दुसरं टोक. एखादा गडी सोबत्यांचे पैसे चोरतो, दिसेल त्याच्याशी भांडण काढतो आणि विचारलं की म्हणतो, "माझं पात्रच तसं आहे." गप्प बसणाऱ्या पोरामुळे एक खेळाडू कमी होतो, याच्यामुळे अख्खा ग्रुप मोडतो.

दशावतारात एकानंच बाकडं अडवून धरलं तर पहाटेपर्यंत कथा शेवटाला कशी जाणार? जाणता नट स्वतः बोलतो आणि समोरच्याला बोलायला जागाही ठेवतो. टेबलावर त्यासाठी एक चौथा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवायचा: हे पात्र या टोळीसोबत का राहतं? चोर असला तरी चालेल, पण या चौघांचं तो का चोरत नाही, याचं कारण त्याच्याकडे हवं. पात्र खेळाडूनंच बनवलंय, त्यामुळे ते कसं वागतं याची जबाबदारीही त्याचीच.

आणि गप्प बसलेल्या त्या पोरासाठी? कुणीतरी आपल्या पात्राच्या तोंडून त्याला नुसतं विचारायचं, "पैलवान, तुमचं काय मत?" बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. उत्तर आलं की पात्र बोलायला लागलं.