बोडीच्या पाळीवरील वर्ग

भंडारा हा तलावांचा जिल्हा. तुमसर तालुक्यातील बपेऱ्यासारख्या गावी मुलांच्या अवतीभवती धान, पाणी आणि पाखरे असतात. तरीही परिसराचा धडा बहुधा चार भिंतींतच वाचला जातो. १९७७ साली तिबिलिसी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ज्ञानासोबत कौशल्य व प्रत्यक्ष सहभाग यांवर भर दिला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा शिक्षणाचा सक्तीचा विषय असावा, हे तत्त्व मान्य केले. आता प्रश्न आहे तो हा विषय शिकविणाऱ्या शिक्षकाचा.

असा शिक्षक शाळा सोडून नव्हे, शाळेतूनच घडतो. पहिली पायरी स्वतःच्या निरीक्षणाची. बोडीत खुणांची काठी रोवून दर आठवड्याला पाण्याची पातळी नोंदविली, की गणित आणि भूगोल दोन्ही शिकविता येतात. दुसरी पायरी शाळेतील हरित सेनेसारख्या मंडळाची जबाबदारी घेण्याची. तिसरी प्रशिक्षणाची, अहमदाबादचे पर्यावरण शिक्षण केंद्र (१९८४) आणि पुण्यातील भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था (१९९३) याच कार्यासाठी स्थापन झाल्या. पुढे हाच शिक्षक इतर शिक्षकांचा मार्गदर्शक होऊ शकतो.

पंचायतीचा वाटाही मोठा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची नोंदवही तयार करावयाची असते. मुलांच्या नोंदी पडताळून तीत घेतल्या, तर ते शिक्षण गावाच्या उपयोगी पडेल. मात्र पाण्याजवळ जाताना जाणता ग्रामस्थ सोबत असावा. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात आठवड्याचा एक तास मोकळा ठेवला, तरी आरंभ होऊ शकेल.