हात इथे, काम तिथे

जवळपास मीटरभर जाडीची काच. शिसं मिसळल्यामुळे किंचित पिवळट झालेली. काचेपलीकडच्या खोलीत अणुभट्टीतून काढलेलं इंधन आहे आणि त्याच्याजवळ माणूस काही मिनिटं जरी उभा राहिला, तरी तो वाचणार नाही. काचेच्या अलीकडे एक तंत्रज्ञ दोन मुठी धरून उभा आहे. तो मूठ वळवतो तशी पलीकडची पोलादी पकड वळते. तो बोटं आवळतो, पकड एका बाटलीचं झाकण धरते. झाकण फिरत नाही. आणि ते घट्ट बसलंय हे त्याच्या डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतं!

हे हात आपल्या ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात आहेत. तिथे या कामासाठी वेगळा विभाग आहे आणि असे हात तिथे बनवलेही जातात. मूळ कल्पना मात्र शिकागोजवळच्या अर्गॉन प्रयोगशाळेतली. 1940च्या दशकाच्या अखेरीस रेमंड गोर्ट्झ या अभियंत्याने तिथे पहिला असा हात तयार केला. त्यात मोटर नव्हती, संगणक नव्हता, इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं काहीच नव्हतं. होत्या त्या पोलादी पट्ट्या, तारा आणि कप्प्या. मूठ वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवी हलते. मनगट तीन प्रकारे वळतं. आणि शेवटी पकड आवळते. अशा सात हालचाली, आणि भिंतीवरून पलीकडे जाणारी प्रत्येकीची स्वतंत्र वाट.

या साधेपणातच सगळी जादू आहे. तार दोन्हीकडून ओढली जाते. हुकूम कोणत्या टोकाकडून येतोय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. तंत्रज्ञाने ओढलं की पकड हलते आणि पकडीला अडथळा आला की तोच ताण उलटा मुठीत येतो. पातेलं सांडशीने उतरवताना ते भरलेलं आहे की रिकामं, निसटतंय की नीट धरलंय, हे आपल्याला पातेल्याला बोट न लावता समजतं. तेच इथे भिंतीआडून घडतं. स्पर्श पाठवण्यासाठी गोर्ट्झला वेगळं काही करावं लागलं नाही. तो तारेबरोबर आपोआप आला.

पण तार किती लांब करणार? पाच मीटर, दहा मीटर. पुढे घर्षण आणि तारेचं ताणलं जाणंच हाताला जाणवायला लागतं. म्हणून 1954 पर्यंत गोर्ट्झने पोलादी तारेच्या जागी विजेची तार आणली. दोन्ही टोकांना मोटरी बसवल्या. दोन्ही टोकं एकमेकांची जागा सतत तपासत राहतात आणि फरक पडला की तो मिटवण्यासाठी दोन्हीकडच्या मोटरी जोर लावतात. पकड अडली की इकडची मूठही अडते. आता दोन टोकांमध्ये भिंत असो की समुद्र, तत्त्वतः फरक पडत नव्हता. आज लष्करात, ऑपरेशन थिएटरात आणि रस्त्यावर जे रोबो माणसाच्या इशाऱ्यावर काम करताना दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या बदलात आहे.

तत्त्वतः म्हटलं, कारण पुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. संदेशाला प्रवासाला वेळ लागतो. समजा, दूरचा हात भिंतीला टेकला. भिंतीचा विरोध माझ्या हातापर्यंत उशिरा पोहोचला. तोवर मी आणखी पुढे रेटलेलं असतं, त्यामुळे उलट येणारा धक्का जास्त जोरात येतो. माझा हात मागे उडतो. तेही तिकडे उशिरा कळतं. बघता बघता दोन्ही हात थडथडायला लागतात. 1960च्या दशकात एमआयटीमध्ये विल्यम फेरेल आणि थॉमस शेरिडन यांनी अशा विलंबाचा अभ्यास केला. तेव्हा दिसलं की माणसं न शिकवताच एक युक्ती करतात: थोडं हलवायचं, थांबायचं, काय झालं ते पाहायचं आणि मग पुढचं थोडं हलवायचं. काम होतं, पण ओघ जातो.

यावरचं उत्तर 1989 मध्ये रॉबर्ट अँडरसन आणि मार्क स्पाँग यांनी दिलं. मला ते या सगळ्या कहाणीतलं सर्वांत देखणं वाटतं. त्यांनी हालचालीकडे पाहण्याऐवजी ऊर्जेकडे पाहिलं. विलंब असलेली तार नकळत स्वतःची ऊर्जा त्या हालचालीत ओतत असते, थडथड त्यामुळे होते. मग दोन टोकांमधला संवादच असा बांधायचा की जेवढी ऊर्जा आत गेली त्याहून जास्त कधीच बाहेर येणार नाही. एवढी अट पाळली की विलंब कितीही असो, हात स्थिर राहतो. मात्र त्याची किंमत स्पर्शाला मोजावी लागते. विलंब जितका जास्त, तितकी कठीण वस्तू हाताला मऊ, चिकट भासायला लागते.

स्पर्श एवढा हट्टी का, याचं उत्तर आपल्याच बोटांत आहे. डोळ्यांना फसवायला सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं पुरतात, सिनेमा त्याच्यावरच उभा आहे. हाताला फसवायचं, म्हणजे नसलेली भिंत कठीण आहे असं पटवायचं, तर सेकंदाला सुमारे हजार वेळा जोराचा हिशोब करावा लागतो. एका तळहातावर, बोटांसकट, स्पर्श टिपणारे सुमारे 17,000 चेतातंतू असतात. स्वीडनच्या रोलंड योहान्सन यांनी त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. हातातली वस्तू तसूभर निसटली तरी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड घट्ट होते, आणि ती निसटत होती हे आपल्या ध्यानातही येत नाही. योहान्सन यांच्या प्रयोगशाळेतला एक प्रयोग गाजलेला आहे. बोटांची टोकं बधिर केली आणि काडेपेटीतून काडी काढून पेटवायला सांगितलं. डोळे शाबूत, स्नायू शाबूत, तरी काडी हातातून पुन्हा पुन्हा पडते. एरवी काही सेकंदांत होणारं काम कितीतरी लांबतं.

आता अशा बधिर हाताने बॉम्ब निकामी करायचा, असं कोणी सांगितलं तर? लष्कराने नेमकं तेच केलं. 1972 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्याचे बॉम्ब निकामी करणारे जवान एकामागोमाग मरत होते. पीटर मिलर या निवृत्त लेफ्टनंट कर्नलने बागकामासाठी मिळणाऱ्या विजेच्या ढकलगाडीचा सांगाडा घेतला आणि संशयित मोटारीला आकडा अडकवून ती दूर ओढता येईल असं यंत्र केलं. त्याचं नावच ‘व्हीलबॅरो’ पडलं. स्पर्श शून्य, पण जवान दूर आडोशाला.

आपल्याकडचा या घराण्यातला रोबो म्हणजे ‘दक्ष’. तो पुण्याजवळ दिघीला, डीआरडीओच्या प्रयोगशाळेत घडला आणि 2011 मध्ये लष्कराच्या ताब्यात आला. तो जिने चढतो, संशयास्पद पिशवीचा एक्स-रे काढतो, ती उचलतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने बॉम्ब निकामी करतो. फवारा म्हणजे बागेतला नव्हे. काडतुसाच्या जोरावर सुटलेलं पाणी इतक्या वेगाने आत घुसतं की स्फोटाचा इशारा मिळायच्या आत तारांची जुळणी फाटून जाते. इथे नाजूक स्पर्शाची गरजच युक्तीने टाळलेली आहे.

लष्करी संशोधनाबद्दल बोलताना एक गोष्ट झाकून ठेवणं मला पटत नाही. जी तार बॉम्बपासून जवानाला दूर ठेवते, तीच तार बंदुकीचा चापही ओढू शकते. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात बसलेल्या वैमानिकांनी अफगाणिस्तानवर विमानं उडवली आणि क्षेपणास्त्रं सोडली. त्यांना दिसत होतं, पण जाणवत काहीच नव्हतं. जीव वाचवण्यासाठी दूर नेलेला हात आणि जीव घेण्यासाठी दूर नेलेला हात, यांचं तंत्र एक असलं तरी मी त्यांना एका रांगेत बसवणार नाही.

तरी हेही खरं की शस्त्रक्रियेचा रोबो लष्कराच्याच पैशातून उभा राहिला. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत फिलिप ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरवरून ऑपरेशन करण्याचं यंत्र बनवलं होतं. रिचर्ड सटावा या लष्करी शल्यविशारदांनी ते उचलून धरलं. कल्पना अशी, की जखमी सैनिक आघाडीवरच्या चिलखती गाडीत आणि सर्जन मागच्या सुरक्षित तळावर. रणांगणावर ते कधी पोहोचलं नाही. पण त्याच कामातून ‘दा विंची’ आला. 2000 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि आज तो आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतही आहे.

दुर्बिणीतून ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची खरी कसरत बाहेरच्यांना माहीत नसते. हत्यार पोटावरच्या बारीक छिद्रातून आत जातं आणि त्या छिद्रापाशीच त्याचा टेकू होतो. त्यामुळे हात डावीकडे गेला की आतलं टोक उजवीकडे जातं. सगळं उलटं, आणि मनगट नसलेलं. दा विंचीमध्ये संगणक ही उलटापालट मधल्या मध्ये सरळ करतो. हत्याराच्या टोकाला चिमुकलं मनगट असतं. सर्जनचा हात तीन सेंटिमीटर हलला की टोक एकच सेंटिमीटर हलेल, असंही ठरवता येतं. हाताची कापरी हालचाल गाळली जाते. समोर शरीराच्या आतलं दृश्य खोलीसकट, अनेक पटींनी मोठं दिसतं.

आणि एवढ्या यंत्रात स्पर्श नव्हता! गोर्ट्झच्या पोलादी तारांना जे सहज साधलं होतं, ते कोट्यवधी रुपयांच्या रोबोला दोन दशकांहून जास्त काळ जमलं नाही. जोर मोजणारी हत्यारं वापरता येणारी त्याची आवृत्ती अमेरिकेत 2024 मध्ये मान्य झाली. मधल्या काळात सर्जननी काय केलं? ते जोर डोळ्यांनी वाचायला शिकले. टाका ओढताना ऊती किती ताणली गेली, दोरा कसा वाकला, रंग किती फिकट झाला, यावरून किती ओढायचं ते ठरवायला लागले. यंत्रात राहिलेली उणीव माणसाच्या मेंदूने भरून काढली. या अभ्यासाबद्दल मला यंत्राइतकाच, खरं तर जास्तच, आदर वाटतो.

7 सप्टेंबर 2001 रोजी जाक मारेस्को हे फ्रेंच सर्जन न्यूयॉर्कमध्ये बसले आणि त्यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये असलेल्या एका महिलेचं पित्ताशय काढलं. हात हलवल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत सुमारे 155 मिलिसेकंद लागत होते. निसटती वस्तू सावरायला बोटांना जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण दुप्पट. ऑपरेशन सुखरूप झालं. आपल्याकडे डिसेंबर 2018 मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारातून, सुमारे 32 किलोमीटरवर अहमदाबादमध्ये असलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला.

स्पर्श परत मिळवण्याची धडपड सर्वांत हृद्य रूपात दिसते ती कृत्रिम हातांत. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये, हात गमावलेल्या माणसाच्या उरलेल्या हातातल्या चेतांभोवती संशोधकांनी विद्युत्-कडी बसवली आणि यांत्रिक बोटांवरचा दाब त्या चेतांना कळवला. डोळे बांधून, कानही बंद करून त्याला चेरीची देठं खुडायला दिली. स्पर्श बंद असताना चेऱ्या चिरडत होत्या. स्पर्श सुरू केला आणि त्याच माणसाने त्याच हाताने त्या अलगद खुडल्या.

आता रस्त्यावर येऊ. किरणोत्सारी खोली, बॉम्ब, रणांगण या सगळ्या ठिकाणी माणसाच्या जागी यंत्राचा हात पाठवायचा असं आपण केव्हाच ठरवलं. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये मात्र अजून माणूसच उतरतो. आत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते आणि माणसाला वाटतं, वास गेला, धोका टळला. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. 2015 मध्ये कोझिकोडला अशाच दोन कामगारांना वाचवायला एक रिक्षाचालक उतरला आणि तिघेही गेले.

त्या घटनेने केरळमधल्या काही तरुण अभियंत्यांना अस्वस्थ केलं. त्यांनी बनवलेला ‘बँडिकूट’ 2018 मध्ये तिरुवनंतपुरमच्या रस्त्यावर आला. मॅनहोलच्या तोंडावर एक चौकट उभी राहते. तिच्यातून चार पायांचं यंत्र खाली उतरतं, भिंतींना पाय रोवतं, कॅमेऱ्याने पाहतं, विषारी वायू मोजतं आणि गाळ उपसून बादलीत भरतं. वर पडद्यासमोर बसून ते चालवायचं शिक्षण सफाई कामगारांनाच दिलं जातं. संशोधनाच्या दृष्टीने पाहिलं तर त्याच्यात गोर्ट्झच्या किंवा अँडरसन-स्पाँगच्या पुढचं काही नाही. जे ज्ञान सत्तर वर्षं हाताशी होतं, तेच शेवटी गटारापर्यंत पोहोचलं. इतका उशीर का झाला, याचं कारण भौतिकशास्त्रात सापडत नाही. कोणाच्या जिवासाठी खर्च करायचा हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्याकडे ते आहे.

संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा महापालिकेइतकाच तुमच्या-माझ्या गृहनिर्माण सोसायटीलाही लागू होतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा मृत्यूबद्दल 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. म्हणून सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढं विचारा, की टाकी साफ करायला यंत्र येणार आहे की माणूस. माणूस उतरणार असेल तर काम थांबवा आणि केंद्र सरकारने 2020 मध्ये यासाठीच सुरू केलेल्या 14420 या मदतवाहिनीवर फोन करून यंत्र मागा.