नरक्याच्या लाकडापासून औषधी रेणूपर्यंत

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, आंबा घाट, गगनबावडा, राधानगरी-दाजीपूर आणि दक्षिणेस आजरा-चंदगडकडे पसरलेल्या सह्याद्रीच्या वनपट्ट्यात नरक्या नावाचा एक लहान वृक्ष आढळतो. त्याच्या फुलांना उग्र दुर्गंधी असते. वनस्पतिशास्त्रात आज तो नोथापोडायटिस निम्मोनियाना या नावाने ओळखला जातो. मॅपिया फीटिडा हे त्याचे जुने नाव, आणि त्यातील 'फीटिडा' या शब्दाचा अर्थच दुर्गंधीयुक्त असा आहे. व्यवहारात मात्र याच झाडाला 'अमृता' असेही म्हणतात. वैद्याच्या कानी अमृता हा शब्द पडला की त्यास गुडूची आठवते. प्रस्तुत लेख लिहिण्याचे पहिले कारण हा नामसंकर होय. गुडूची आपण ज्वरापासून वातरक्तापर्यंत निःशंकपणे योजतो. नरक्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड असते आणि ते विभाजन पावणाऱ्या पेशींचा नाश करते. बृहत्त्रयीत अथवा नित्य वापरातील निघंटूंत नरक्याची निश्चित ओळख पटावी असे वर्णन आमच्या पाहण्यात नाही.

दुसरे कारण चिकित्सालयातील आहे. कर्करोगाचे औषध आपल्याच जंगलातील झाडापासून तयार होते हे रुग्णाच्या नातेवाइकांच्या वाचनात आलेले असते. मग ते विचारतात, "वैद्यराज, झाड जर इथलेच आहे, तर त्याचे चूर्ण किंवा काढा का देत नाही?" या प्रश्नास "तसे करू नका" एवढेच उत्तर पुरेसे नाही. कॅम्प्टोथेसिनच्या रेणूचा साठ वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे खरे उत्तर मिळते.

या इतिहासाच्या आरंभीच एक महाराष्ट्रीय नाव भेटते. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते पुढे अमेरिकेस गेले आणि १९६२ साली इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी मिळविली. नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मन्रो वॉल यांच्यासमवेत त्यांनी कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा या चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. १९७१ साली टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध करणाऱ्यांतही हीच जोडी होती. डॉ. वाणी २०२० साली निवर्तले. त्यांचे नाव आपल्या पदवी अभ्यासक्रमात कोठेही येत नाही, याचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते.

चिनी वृक्षातील या द्रव्याचा सह्याद्रीशी संबंध जोडला तो मुंबईतील संशोधकांनी. त्या काळी गोरेगाव येथे सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे डॉ. टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली असे दाखवून दिले की, आपल्या नरक्यातही कॅम्प्टोथेसिन आहे, आणि त्याचे प्रमाण चिनी वृक्षाहून बरेच अधिक, शेकडा ०.१ च्या आसपास आहे. या आकड्याचा दुसरा अर्थ असा की, एक किलो कॅम्प्टोथेसिन मिळविण्यास निदान एक हजार किलो सुके लाकूड लागते. त्याचा परिणाम आपल्या वनांवर काय झाला, त्याकडे पुढे वळू.

कॅम्प्टोथेसिनचा रेणू पाच वलयांचा, जवळजवळ सपाट आहे. त्याचे रेणुभार ३४८. पहिली चार वलये बळकट आहेत. पाचवे, लॅक्टोन नावाचे वलय नाजूक असून रक्तासारख्या किंचित क्षारधर्मी द्रवात ते उघडते. उघडलेल्या रूपात औषधाचा प्रभाव फारच मंदावतो, आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन नेमके त्या उघड्या रूपालाच धरून ठेवते. मूळ रेणू पाण्यात विरघळत नाही. म्हणून १९७० नंतरच्या पहिल्या चाचण्यांत त्याचा सोडियम क्षार करून तो शिरेतून देण्यात आला. क्षार होताना वलय उघडले गेले. रक्तात औषध निष्प्रभ राहिले. परंतु मूत्राशयात पोहोचल्यावर तेथील आम्लधर्मी मूत्रात वलय पुन्हा मिटले आणि औषध जागे झाले, ते चुकीच्या जागी. रुग्णांना रक्तमूत्रता, तीव्र अतिसार आणि मज्जाक्षय यांचा त्रास झाला व चाचण्या थांबवाव्या लागल्या. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हे शुद्ध, मोजून दिलेले द्रव्य होते आणि रुग्ण रुग्णालयाच्या देखरेखीखाली होते, तरीही असे घडले. नरक्याच्या चूर्णात तर मात्राही ठाऊक नसते. झाडाचे वय, भाग, ऋतू आणि स्थान यांनुसार लाकडातील प्रमाण बदलत जाते.

यानंतर सुमारे दहा-बारा वर्षे हे द्रव्य जवळजवळ विस्मृतीत गेले. १९८५ साली त्याचे कार्यस्थान सापडले आणि चित्र पालटले. पेशीतील डीएनएचा दोर दोन पदरांचा असतो. पेशी विभाजनापूर्वी तो उलगडू लागला की पुढच्या भागात पीळ साचतो, जसा सुंभाचा एक भाग उलगडताना पुढे गाठ बसू पाहते. टोपोआयसोमरेज-एक हे विकर एक पदर क्षणमात्र तोडते, पीळ सैल करते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन या तुटलेल्या जागी पाचरीसारखे अडकून बसते व सांधणे रोखते. तेवढ्यात डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तेथे येऊन आदळते, आणि एका पदराची चीर दोन्ही पदरांचा भंग ठरते. झपाट्याने वाढणारी पेशी यात मरते. दुर्दैवाने आंत्रकला आणि मज्जा यांच्या पेशीही झपाट्यानेच वाढत असतात.

कार्यस्थान कळल्यावर रसायनतज्ज्ञांना दिशा मिळाली. लॅक्टोन वलय व त्याशेजारचा हायड्रॉक्सिल गट यांना हात लावला की गुण जातो; दुसऱ्या टोकाकडील ७, ९ आणि १० या क्रमांकांच्या जागा मात्र फेरफार सहन करतात, असे अनेक साधिते तयार करून ठरले. औषधी रसायनशास्त्राचे बहुतेक काम असेच चालते: एक गट जोडावयाचा, पारखावयाचे, पुन्हा दुसरा जोडावयाचा. टोपोटेकॅनमध्ये दहाव्या जागी हायड्रॉक्सिल आणि नवव्या जागी पाण्याशी सख्य असलेला अमाइन गट बसविला. पाण्यात विरघळणारे औषध मिळाले आणि वलयही मिटलेले राहिले. अमेरिकेत १९९६ साली बीजकोशाच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. जपानमध्ये यापेक्षा अधिक चातुर्याचा मार्ग निवडला गेला. तेथे सातव्या जागी इथाइल गट व दहाव्या जागी हायड्रॉक्सिल घालून एस-एन ३८ हे अतिशय प्रभावी साधित सिद्ध झाले. परंतु तेही पाण्यात विरघळेना. म्हणून त्यावर एक विद्राव्य शेपूट जोडण्यात आले. हे इरिनोटेकॅन. शरीरातील विकरे ते शेपूट कापतात आणि एस-एन ३८ मोकळे होते. जपानमध्ये १९९४ साली आणि अमेरिकेत १९९६ साली ते मान्य झाले. बृहदंत्राच्या कर्करोगात आजही ते नित्य वापरले जाते.

वैद्यास येथे वत्सनाभाचे शोधन आठवल्याशिवाय राहणार नाही. गोमूत्रात अथवा गोदुग्धात शिजवताना वत्सनाभातील अकोनिटीनचे एस्टर बंध तुटतात; प्रथम बेंझॉइलअकोनीन व पुढे अकोनीन बनते, आणि विषार पुष्कळ उतरतो. रसशास्त्रकारांना रेणूची रचना ठाऊक नव्हती, त्यांनी प्रक्रिया फळावरून पारखली. ही तुलना आम्हांस प्रिय असली तरी ती फार ताणू नये, असे आमचे मत आहे. शोधनाने रेणूचा एक भाग झडतो, तर येथे नेमक्या जागी नवा भाग जडविला गेला. मुख्य म्हणजे नरक्याच्या शोधनाची कोणतीही परंपरागत प्रक्रिया आपल्याकडे नाही. तेव्हा "आपण शोधन करून देऊ" असे कोणी म्हणत असेल, तर त्यास आधार नाही.

अलीकडचा टप्पा पेप्टाइडांचा आहे. अमिनो आम्लांची आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड. ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड स्तनाच्या काही कर्करोगांत पेशीपृष्ठावरील हर-२ या प्रथिनास चिकटते. जपानी संशोधकांनी एका प्रतिपिंडास कॅम्प्टोथेसिनच्या कुळातील सुमारे आठ रेणू चार अमिनो आम्लांच्या पेप्टाइडाने बांधले. ग्लायसीन, ग्लायसीन, फेनिलअ‍ॅलनीन, ग्लायसीन असा तो क्रम. रक्तात ही गाठ टिकते. कर्कपेशीने प्रतिपिंड गिळल्यावर आतील विकरे ती सोडवितात आणि विष तेथेच उतरते. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या नावाने २०१९ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. १९७० च्या दशकात मूत्राशयात जागे होणारे औषध आता पेशीच्या आत जागे होते. तथापि हेही निर्धोक नाही: काही रुग्णांत फुप्फुसदाह होतो व तो जिवावर बेतू शकतो. हे औषध चालू असलेला रुग्ण नवीन कास किंवा श्वास घेऊन आपल्याकडे आला, तर सितोपलादि देऊन चार दिवस वाट पाहू नये. त्याच दिवशी त्याच्या कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

इरिनोटेकॅनच्या अतिसाराविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांकडे असे रुग्ण येतात. औषध दिल्यापासून चोवीस तासांच्या आत होणारा अतिसार बहुधा लालास्राव, घाम आणि पोटातील मुरड्यासह येतो. त्यास रुग्णालयात अ‍ॅट्रोपिन देतात. त्यानंतर काही दिवसांनी होणारा अतिसार अधिक घातक होय. यकृत एस-एन ३८ ला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून निष्प्रभ करते आणि पित्तातून आतड्यात सोडते. तेथील जिवाणूंचे विकर ती जोडणी तोडते व एस-एन ३८ पुन्हा मोकळे होऊन आंत्रकलेस पोळते. आमातिसारात आरंभी स्तंभन करू नये हा आपला नियम सर्वांस मुखोद्गत आहे. येथे तो लावू नये. हा आम नव्हे, साक्षात आंत्रक्षत आहे. त्याच वेळी श्वेतकणही घटलेले असल्यास काही तासांच्या विलंबानेही प्राणसंकट ओढवते. रुग्णालयाने लोपेरामाइड दिले असेल ते सांगितल्याप्रमाणे त्वरित घ्यावयास लावावे आणि रुग्णास परत पाठवावे.

यकृतातील ही जोडणी करणारे विकर काही व्यक्तींत जन्मतःच मंद असते. वर्षानुवर्षे डोळ्यांत किंचित पिवळेपणा, इतर तपासण्या निर्दोष, असे गिल्बर्टचे रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. अशांना इरिनोटेकॅनची विषबाधा अधिक होण्याचा धोका असतो. २००५ साली अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तशी नोंद करण्यात आली. कुटुंबाच्या वैद्यास हा इतिहास बहुधा सर्वांत आधी ठाऊक असतो. तो चिठ्ठीवर लिहून द्यावा.

वनस्पतींच्या सहयोगाचे दोन विरुद्ध अनुभव नोंदलेले आहेत. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय वनस्पती इरिनोटेकॅनबरोबर दिली असता रक्तातील एस-एन ३८ चे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे रुग्ण औषध घेत राहिला, पण ते पोहोचले कमी. याउलट चार द्रव्यांच्या एका प्राचीन चिनी योगाने उंदरांत याच औषधामुळे होणारी आंत्रहानी कमी झाल्याचे येल विद्यापीठातील गटाने २०१० साली दाखविले. त्यातील दोन द्रव्ये आपल्या ज्येष्ठमध आणि बोर यांच्याच प्रजातींतील आहेत. या योगावर रीतसर चाचण्या झाल्या. आपल्या कुटजारिष्टावर किंवा बिल्वादि योगांवर या दिशेने तसे काम व्हावे, असे आम्हांस मनापासून वाटते. तोपर्यंत केमोथेरपीच्या दिवसांत रुग्णास परस्पर काही देणे आम्ही टाळतो.

आता लाकडाकडे. परदेशी मागणी वाढली तसा नरक्या सह्याद्रीतून मुळासकट उपटला जाऊ लागला, आणि चोरट्या तोडीच्या बातम्या आपल्या भागातूनही येत राहिल्या. प्रयोगशाळेतील पेशीसंवर्धनाचे प्रयत्न झाले. नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीपासून कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचे २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. परंतु अशा बुरशींची उत्पादनक्षमता संवर्धनाच्या पुढील पिढ्यांत मंदावते, असा अनुभव आला. संपूर्ण संश्लेषण १९७१ सालीच साध्य झाले असले तरी टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन यांसाठी झाडातील कॅम्प्टोथेसिन हाच सोयीचा आरंभ राहिला. यात आयुर्वेदीय फार्मसीचा वाटा जवळजवळ नाही. तरीही तोडलेल्या मालातील उरलेसुरले लाकूड काष्ठौषधींच्या बाजारात 'अमृता' म्हणून शिरू शकते, ही शंका आम्हांस निराधार वाटत नाही.

म्हणून फार्मसीचालकांनी खरेदीच्या चिठ्ठीवर नुसते 'अमृता' न लिहिता 'गुडूची काण्ड, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया' असे लिहावे आणि शक्यतो चूर्ण न घेता काण्डाचे तुकडेच घ्यावेत. गुडूचीच्या आडव्या छेदात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना उघड्या डोळ्यांनी दिसते व चव स्पष्ट तिक्त असते. नरक्या हे घट्ट, फिकट लाकूड आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा पाकिटावर किंवा पत्रकात छापणे हा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात अधिनियमान्वये गुन्हा आहे, याचेही स्मरण असावे. चूर्णच हाती आले असेल, तर त्याचा अर्क टीएलसीच्या पट्टीवर कॅम्प्टोथेसिनच्या प्रमाणनमुन्याशेजारी चालवावा आणि ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पाहावा. कॅम्प्टोथेसिन तेथे ठळक निळे चमकते. नमुन्याच्या उंचीवर तसा ठिपका दिसल्यास तो माल वेगळा सीलबंद करून अन्न व औषध प्रशासनास कळवावा.