शहराची अक्षरे कोण लिहितो? : बंगळूरमधील छोटी डिझाइन कार्यालये आणि त्यांचा परिसर

बंगळूर : तीन-चार संगणक, एक छपाईयंत्र आणि पाच-सहा माणसे एवढ्या सामग्रीवर चालणारी ग्राफिक डिझाइनची कार्यालये बंगळूरच्या प्रत्येक वसाहतीत आढळतात. लग्नपत्रिका, औषधांची वेष्टने, हॉटेलांची पदार्थयादी, नवउद्योगांची बोधचिन्हे ही त्यांची रोजची कामे. मात्र गेल्या दीड दशकात या शहरात भाषेपासून कचऱ्यापर्यंत जे सार्वजनिक प्रश्न गाजले, त्यांतील बहुतेकांचा शेवटचा टप्पा याच मंडळींच्या टेबलावर येऊन थांबला. नियम न्यायालयाने किंवा विधिमंडळाने केला, तरी तो पाटीवर, भिंतीवर किंवा कचऱ्याच्या बादलीवर नागरिकाला कळेल असा उतरवण्याचे काम संकल्पकाचेच असते. त्यामुळे छोट्या डिझाइन व्यावसायिकांचा स्थानिक समाजजीवनातील सहभाग हा केवळ सेवाभावाचा विषय राहत नाही. शहर आपल्या नागरिकांशी कोणत्या लिपीत आणि किती स्पष्टपणे बोलते, हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

शहराची जुनी लेखनपरंपरा

सार्वजनिक जागी अक्षरे कोरण्याची बंगळूरची परंपरा संगणकाच्या फार आधीची आहे. मराठी वाचकांना तिचा एक दुवा जवळचा वाटेल. शहाजीराजांकडे १६३८ नंतर बंगळूरची जहागीर आली. त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्या काळातील १६६९ चा शिलालेख मल्लेश्वरम येथील काडु मल्लेश्वर मंदिराशी निगडित आहे. त्यात मंदिराला दिलेल्या दानाची नोंद असून, मल्लपुर या जुन्या गावाचा उल्लेख आहे. प्लेगच्या साथीनंतर १८९८ च्या सुमारास वसवलेल्या मल्लेश्वरम उपनगराच्या नावाचे मूळ याच परिसरात आहे. दगडावरचा तो मजकूर गावकऱ्यांना दानाच्या अटी कळाव्यात म्हणून लिहिला गेला. आजच्या फलकाचे कामही मुळात तेच आहे.

विसाव्या शतकात हे काम पेंटरांच्या हाती आले. दुकानांच्या पाट्या, चित्रपटांचे भव्य फलक आणि भिंतींवरील जाहिराती हाताने रंगवणारे कारागीर प्रत्येक पेठेत होते. फ्लेक्सवरील छपाई स्वस्त झाल्यावर त्यांच्यापैकी अनेकांचा रोजगार गेला. २००९ मध्ये महानगरपालिकेने भिंतींवर पोस्टर चिकटवण्यास आळा घालण्यासाठी शहरातील भिंती चित्रांनी रंगवून घेतल्या, तेव्हा चित्रपटफलक रंगवणाऱ्या कलावंतांना पुन्हा काही काळ काम मिळाले. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या तीव्र नाराजीनंतर महापालिकेने शहरातील फ्लेक्स व जाहिरातफलकांवर बंदी घातली. त्या निर्णयाने हजारो बेकायदा फलक उतरले आणि छोट्या डिझाइन व छपाई व्यावसायिकांना आपल्या व्यवसायाचा नव्याने विचार करावा लागला.

दोन बादल्या, एक पिशवी

दृश्यसंवादाने सार्वजनिक सवय कशी बदलता येते, याचे बंगळूरमधील सर्वांत उपयुक्त उदाहरण कचऱ्याचे आहे. घरोघरच्या कचऱ्याच्या वर्गीकरणासाठी झटणाऱ्या नागरिक गटांनी ‘दोन बादल्या, एक पिशवी’ ही पद्धत रुजवली. ओल्या कचऱ्यासाठी हिरवी बादली, टाकाऊ व आरोग्यास अपायकारक कचऱ्यासाठी लाल बादली आणि सुक्या कचऱ्यासाठी पुन्हा वापरता येणारी पिशवी, अशी ही विभागणी आहे. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये हीच पद्धत शहरासाठी बंधनकारक केली.

या योजनेचे बळ तिच्या साधेपणात आहे. बंगळूरच्या एकाच इमारतीत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी आणि बंगाली बोलणारी कुटुंबे राहतात. घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि सफाई कामगार यांच्यापैकी अनेकांना लांबलचक सूचना वाचण्याची सवय नसते. रंग मात्र सर्वांना कळतो. कोणत्या वस्तू कोणत्या बादलीत टाकायच्या हे दाखवणारी चित्रे, वेगवेगळ्या भाषांतील पत्रके आणि इमारतीच्या जिन्यात लावायचे तक्ते यांवर अशा मोहिमेचे यश अवलंबून असते. केळीचे साल, दुधाची पिशवी, वापरलेला सॅनिटरी पॅड यांचे चित्र ओळखू येईल असे काढणे हे वरवर किरकोळ दिसणारे काम असले, तरी ते चुकले तर वर्गीकरणच चुकते. वसाहतीतील एखाद्या संकल्पकाने दोन संध्याकाळ खर्च करून केलेला तक्ता याच कारणाने वर्षानुवर्षे उपयोगी पडू शकतो.

‘द अग्ली इंडियन’ या नावाने काम करणाऱ्या निनावी स्वयंसेवकांनी चर्च स्ट्रीट परिसरातून २०१० च्या सुमारास सुरू केलेली मोहीमही डिझाइनच्या अंगाने पाहण्यासारखी आहे. ‘काम चालू, मुंह बंद’ हे त्यांचे ब्रीद. कचऱ्याचे ढीग साचणारे कोपरे स्वच्छ करून तेथील भिंतींचा खालचा पट्टा ते गेरूसारख्या लाल रंगाने रंगवतात. पानाची पिचकारी आणि चिखलाचे डाग त्या रंगावर उठून दिसत नाहीत. आणि स्वच्छ दिसणारी जागा घाण करताना माणूस कचरतो. याच शहरातील चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांनी २०१५ मध्ये रस्त्यावरील खड्ड्यात मगरीची प्रतिकृती ठेवली आणि २०१९ मध्ये खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावर चंद्रावरील पदभ्रमणाचा देखावा चित्रित केला. दोन्ही वेळा यंत्रणेला त्या रस्त्यांची तातडीने दखल घ्यावी लागली.

शहराचे बोधचिन्ह

डिसेंबर २०१७ मध्ये विधानसौधासमोर झालेल्या कार्यक्रमात तत्कालीन पर्यटनमंत्री प्रियांक खर्गे यांच्या उपस्थितीत बंगळूरच्या बोधचिन्हाचे अनावरण झाले. स्वतःचे बोधचिन्ह असणारे हे देशातील पहिले शहर ठरल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. हे काम एखाद्या बड्या जाहिरातसंस्थेने केलेले नव्हते. स्पर्धेतून निवडलेला हा आराखडा ‘नम्मूर’ या स्थानिक नवउद्योगाचा होता. कन्नडमध्ये या शब्दाचा अर्थ ‘आमचे गाव’. रोमन आणि कन्नड अक्षरवळणांचा मेळ घालणाऱ्या या चिन्हात शहराच्या इंग्रजी नावातील पहिली दोन आणि शेवटचे अक्षर लाल रंगात आहे. ती एकत्र वाचली की ‘तुम्ही जसे आहात तसेच राहा’ असा अर्थ निघतो.

या चिन्हात शहरापुढील मूळ पेच दिसतो. देशभरातून आलेल्या लोकांना सामावणारे शहर आणि कन्नडची राजधानी, या दोन्ही ओळखी एकाच आकृतीत बसवायच्या होत्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नम्म मेट्रोच्या फलकांवरील हिंदीला विरोध करणारे आंदोलन पेटले होते. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जुलै २०१७ मध्ये केंद्राकडे फलकांच्या फेररचनेची मागणी केली आणि अखेर स्थानकांवरील हिंदी मजकूर हटवण्यात आला. फलकावरील अक्षरांचा क्रम आणि आकार हा किती संवेदनशील विषय आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

साठ टक्क्यांचा नियम

डिसेंबर २०२३ मध्ये कन्नड संघटनांनी इंग्रजी पाट्यांविरुद्ध केलेल्या आंदोलनात शहरातील अनेक आस्थापनांच्या फलकांची मोडतोड झाली. त्यानंतर राज्य सरकारने अध्यादेश काढण्याचा निर्णय घेतला. राज्यपालांनी तो जानेवारी २०२४ मध्ये परत पाठवला. फेब्रुवारीत विधिमंडळाने कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यातील दुरुस्ती संमत केली. व्यापारी आस्थापना, रुग्णालये, हॉटेले आदींच्या नामफलकावर ६० टक्के जागा कन्नडला देणे आणि कन्नड मजकूर वरच्या भागात ठेवणे त्यानुसार आवश्यक झाले. महापालिकेने दुकानदारांना २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंतची मुदत दिली होती.

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. २०२२ मध्ये महाराष्ट्राने कामगारसंख्येची अट न ठेवता सर्व दुकानांना मराठी फलक सक्तीचे केले आणि मराठी अक्षरे अन्य लिपीपेक्षा लहान नसावीत, असे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. दोन्ही राज्यांच्या नियमांत एक फरक आहे. महाराष्ट्राने अक्षरांच्या आकाराची तुलना केली, तर कर्नाटकाने फलकावरील वाटा ठरवला.

संकल्पकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. कन्नडमध्ये जोडाक्षरातील दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लिहिले जाते. त्याला ओत्तक्षर म्हणतात. अक्षराच्या माथ्यावर तलेकट्टू नावाची खूण असते आणि उजव्या बाजूला स्वरचिन्हे पसरतात. परिणामी कन्नड ओळीला रोमन ओळीपेक्षा अधिक उंची लागते. जुन्या फलकावर कन्नड मजकूर नुसता कोंबला, तर नियमातील टक्केवारी भरते. पण रस्त्यावरून वाचता काही येत नाही. इंग्रजी नावाचे यंत्राने केलेले भाषांतर तर अनेकदा हास्यास्पद ठरते. दुकानाच्या नावाचे लिप्यंतर करायचे की अर्थांतर, हा निर्णय कन्नड जाणणाऱ्या माणसाकडूनच व्हायला हवा.

मोठ्या साखळी दुकानांकडे यासाठी सल्लागार असतात. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, सलूनचालक किंवा शिवणकाम करणारी महिला यांच्याकडे ते नसतात. नव्या पाटीचा खर्च आणि दंडाची भीती या दोहोंच्या मध्ये ते सापडतात. त्यांच्या शेजारचे डिझाइन कार्यालय नेमके येथे उपयोगी पडू शकते. शुद्धलेखन तपासून देणे, प्रमाण मोजून देणे आणि जवळच्या पेंटरकडून कमी खर्चात पाटी कशी करून घेता येईल हे सांगणे, ही कामे काही तासांची आहेत.

मुक्त फॉन्टचा आधार

या कामाचा खर्च कमी करणारी एक गोष्ट मराठी माणसांच्या हातून घडली आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली विनय सायनेकर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीच्या ‘मंगल’बरोबर कन्नडचा ‘तुंगा’ही होता. त्यामुळे सर्वसाधारण संगणकावर कन्नड युनिकोड अक्षरे दिसू लागली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ छपाईच्या दुकानांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या प्रणाली वापरात राहिल्या. त्यांतील जुन्या सांकेतिक रचनेचा मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की अक्षरे विस्कटतात. ही अडचण कन्नड आणि मराठी दोन्हीकडील छापखान्यांना ठाऊक आहे.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या छोट्या संस्थेने ‘बालू’ ही अक्षरमालिका मुक्त परवान्याने सर्वांना उपलब्ध करून दिली. भारतीय लिपींसाठी वेगवेगळे अवतार असलेल्या या मालिकेत बहुतेकांच्या नावात त्या त्या भाषेतील ‘भाऊ’ आहे : गुजरातीसाठी भाई, तमिळसाठी तंबी, मल्याळमसाठी चेट्टन आणि कन्नडसाठी तम्म. ठसठशीत वळणामुळे हा फॉन्ट पाट्यांना शोभतो आणि परवाना शुल्क नसल्याने छोट्या दुकानदाराला परवडतो. एका शहरातील मोजक्या संकल्पकांनी केलेले काम दुसऱ्या राज्यातील अनोळखी दुकानावर झळकते, इतका या सहभागाचा पल्ला असू शकतो.

खर्च कोणाचा?

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये किंवा अधिक नक्त मूल्य, १,००० कोटी रुपये किंवा अधिक उलाढाल अथवा ५ कोटी रुपये किंवा अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. छोटी डिझाइन कार्यालये या मर्यादांच्या जवळपासही नसतात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. बहुतेक कार्यालये त्यातच मोडतात. त्यांनी परिसरासाठी दिलेला वेळ सर्वस्वी ऐच्छिक असतो आणि तो पगारी कामातून वजा होतो.

म्हणूनच अशा कामाला शिस्त लागते. काम कोणासाठी, किती दिवसांत आणि किती फेरफारांपर्यंत करायचे, हे आरंभीच लिहून ठेवणे हिताचे. तयार आराखड्याची मूळ संगणकीय प्रत रहिवासी संघाकडे सोपवली, तर पुढील वर्षी दूरध्वनी क्रमांक किंवा वेळ बदलण्यासाठी पुन्हा त्याच संकल्पकाचे दार ठोठवावे लागत नाही. सार्वजनिक भिंत रंगवण्यापूर्वी मालकाची व पालिकेची परवानगी आवश्यक असते. तसेच फुकट केलेल्या डिझाइनमुळे गल्लीतील पेंटरचा रोजगार बुडू नये, याचीही काळजी घ्यावी लागते. आराखडा संकल्पकाचा आणि मजुरी पेंटरची, अशी वाटणी त्यावर उपाय ठरू शकते.

बंगळूरच्या महापालिकेचे २०२५ मध्ये ग्रेटर बंगळूर प्राधिकरणाखाली पाच महानगरपालिकांत विभाजन झाले. प्रभाग कार्यालयांचे फलक, तक्रारींचे अर्ज, कचरागाड्यांवरील सूचना आणि रस्त्यांवरील पाट्या यांत त्यामुळे मोठा बदल अटळ आहे. आपली तक्रार आता कोणत्या कार्यालयाकडे न्यायची, हे सामान्य नागरिकाला एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. वसाहतीतील रहिवासी संघ आणि शेजारची डिझाइन कार्यालये यांनी एकत्र बसून केलेला, कन्नडमध्ये ठळक आणि इतर भाषांत सुबोध असा एक तक्ता त्यासाठी पुरेसा आहे. तो वेळेत लागला, तर नव्या पालिकेचा पत्ता शोधत फिरण्याची वेळ अनेकांवर येणार नाही.